विमानाची देखभाल आणि पैशाचा दबाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देखभालीवर व्यापारी दबाव येतो म्हणजे नेमकं काय होतं? कोणी इंजिनिअरला दरडावून सही करायला लावतं का?

तसं फार क्वचित होतं, आणि झालं तर ते पकडलंही जातं. खरा दबाव कागदावरून येतो. दर ७०० तासांनी करायचं काम दर १,००० तासांवर जातं. एखादं मोजमापाचं साधन तीन हवं असताना एकच घेतलं जातं. चार तासांच्या कामाला दीड तास दिला जातो. रात्रपाळीची दोन माणसं कमी होतात. यातल्या प्रत्येक निर्णयाला कुणाची तरी मंजुरी असते, प्रत्येकाच्या मागे थोडंफार समर्थनही असतं. अपघातानंतर हे सगळे कागद एकाशेजारी एक मांडले की मगच त्यांची बेरीज दिसते.

कारण सरळ आहे. विमान उडतं तेव्हाच कमावतं. भाड्याने घेतलेल्या विमानाचा हप्ता मात्र ते हँगरमध्ये उभं असलं तरी चालूच राहतो. त्यामुळे 'हँगरमधला एक दिवस कमी' ही हिशेबातली सगळ्यात गोड ओळ ठरते.

ए चेक, सी चेक वगैरे काय असतं?

देखभालीची कामं तीन घड्याळांवर चालतात: उड्डाणाचे तास, उड्डाणांची संख्या म्हणजे सायकल, आणि कॅलेंडर. ए चेक हलका, बहुधा एका रात्रीत आटोपणारा. सी चेक साधारण दीड-दोन वर्षांनी येतो आणि विमान काही दिवस किंवा आठवडे जमिनीवर राहतं. त्याहून मोठ्या तपासणीत आतल्या खुर्च्या, पॅनेल, जमिनीच्या फळ्या काढून सांगाडा उघडा करतात. अचूक आकडे प्रत्येक विमानाच्या मंजूर देखभाल कार्यक्रमात असतात. दोन कंपन्यांकडे एकाच मॉडेलचं विमान असलं तरी त्यांचे कार्यक्रम वेगळे असू शकतात.

मुदत ताणल्यामुळे अपघात झाल्याचं ठळक उदाहरण कोणतं?

अलास्का एअरलाइन्सचं उड्डाण २६१. ३१ जानेवारी २००० रोजी मेक्सिकोतल्या पोर्तो व्हायार्ताहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. विमानातले ८८ च्या ८८ जण गेले.

या विमानाच्या शेपटीवर जो आडवा पंख असतो तो पुढच्या बाजूने थोडा वरखाली होतो आणि त्यानेच विमानाचं नाक समतोल राहतं. त्याला हलवणारा भाग म्हणजे सुमारे दोन फूट लांबीचा पोलादी जॅकस्क्रू आणि त्यावरून सरकणारा ब्राँझचा नट. नट मऊ धातूचा ठेवतात, म्हणजे झीज नटाची व्हावी आणि स्क्रू टिकावा. ही झीज हळू आणि ठरलेल्या वेगाने व्हायला हवी, दर १,००० तासांना इंचाचा साधारण हजारावा भाग. त्यासाठी एकच गोष्ट लागते: ग्रीस.

समुद्रातून स्क्रू वर काढला तेव्हा नटाच्या आट्यांचे तुकडे तारेसारखे त्याला गुंडाळलेले होते. जिथे नट फिरतो त्या पट्ट्यात उपयोगी ग्रीस नव्हतं. नटावरच्या ज्या तोंडातून ग्रीस भरतात, त्याची आतली वाट सुकलेल्या काल्याने बुजलेली होती.

आता मुदतीकडे पाहू. मूळ आराखड्यात हे वंगण दर ३०० ते ३५० तासांनी अपेक्षित होतं. या कंपनीत १९८५ मध्ये ते ७०० तासांवर होतं. पुढे १,०००, मग १,२००, मग १,६०० झालं. १९९६ मध्ये तासांची अटच गेली आणि 'दर आठ महिन्यांनी' असं ठरलं. त्या काळात विमानं जितकी उडत होती त्या हिशेबाने ते सुमारे २,५५० तास होतात. झीज मोजण्याची मुदतही अशीच वाढली: १९८५ मध्ये ५,००० तास, १९९६ पासून ३० महिने, म्हणजे सुमारे ९,५५० तास. दोन्ही मुदती एकाच काळात ताणल्या गेल्या, हे सगळ्यात वाईट. वंगण चुकलं तर झीज मोजताना कळायला हवं. तो दुसरा पहारेकरीही लांब नेऊन बसवला होता.

पण हे सगळं नियमात बसवूनच केलं होतं ना?

होय. वाढीव मुदतींना एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेची, मान्यता होती, आणि तपास करणाऱ्या एनटीएसबीने अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत ती मान्यताही नोंदवली. एकच नट निकामी झाला तर सावरायला दुसरं काहीच नाही, हा आराखड्यातला दोषही नोंदवला. सगळं खापर हिशेबनिसांवर फोडता येत नाही.

मुदत वाढवणं हे मुळात पाप नव्हे. अनुभवाने एखादा भाग दणकट ठरला तर त्याची तपासणी लांबवणं योग्यच आहे. सारखं उघडझाक केल्यानेही बिघाड होतात. प्रश्न पद्धतीचा आहे. या कंपनीत वंगणाचं काम त्या-त्या चेकला बांधलेलं होतं. चेकची मुदत वाढली की त्याच्या पोटातली सगळी कामं आपोआप पुढे सरकली. 'या एका कामाची मुदत मुळात इतकी का ठेवली होती?' हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

नीट करायचं तर प्रत्येक काम सुटं काढायचं आणि त्यामागचं मूळ कारण शोधायचं. आपल्याच ताफ्यातल्या काही विमानांवर प्रत्यक्ष झीज मोजायची. मुदत एका पायरीने वाढवून पुन्हा मोजायची. आकडा बिघडला तर मागे यायची तयारी आधीच लिहून ठेवायची. एकाच भागाचं वंगण आणि मोजणी या दोन्ही मुदती एकदम वाढवायच्या नाहीत. अपघातानंतर एफएएने या विमानांसाठी वंगण ६५० तासांवर आणि मोजणी २,००० तासांवर आणली.

ग्रीस लावणं ते काय! त्यात चुकण्यासारखं काय आहे?

बरंच आहे. शेपटीच्या टोकाला उंचावर पॅनेल उघडायचं. हात आत घालायचा, पण तो घातला की डोळ्यांना आतलं दिसत नाही, अशी ती जागा. नटावरच्या तोंडाला ग्रीस गन लावून दाब द्यायचा, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन त्यामागून नवं दिसेपर्यंत द्यायचा. मग ब्रशने स्क्रूच्या पूर्ण लांबीवर थर लावायचा. शेवटी पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा, म्हणजे ग्रीस आट्यांत पसरतं.

चूक होते ती अशी: गनने दाब दिला, पण वाट बुजलेली असल्याने ग्रीस आत गेलंच नाही आणि तोंडाशीच सांडलं. बाहेर आलेलं ग्रीस जुनं की नवं, हे पाहिलं नाही. ब्रश हात पोहोचला तिथवरच फिरला. कार्डावर मात्र 'वंगण केले' एवढंच लिहायचं असतं. या कामाला निर्मात्याच्या अंदाजाने सुमारे चार तास लागतात. त्या विमानाचं शेवटचं वंगण करणाऱ्या मेकॅनिकने आपल्याला साधारण एक तास लागल्याचं सांगितलं. कामाला किती वेळ खरंच लागला याची नोंद ठेवणं हा फार स्वस्त उपाय आहे. चार तासांचं काम सातत्याने एका तासात होत असेल तर काही पायऱ्या गळत आहेत.

त्या विमानाची झीज आधी मोजली नव्हती का?

मोजली होती, सप्टेंबर १९९७ मध्ये. स्क्रू आणि नट यांच्यातली हालचाल, म्हणजे आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला 'प्ले आलाय' म्हणतात तो, ०.०४० इंच भरला. हीच कमाल मर्यादा. एक मिलिमीटरच्या जरा पुढे. मेकॅनिकने नट बदलावा असं लिहिलं. तीन दिवसांनी पुन्हा मोजणी झाली, आकडा ०.०३३ आला आणि विमान सेवेत परतलं. त्यानंतर ते सुमारे ८,९०० तास उडालं आणि पुढची मोजणी यायच्या आतच पडलं.

पुन्हा मोजणं चुकीचं नाही. पण पहिला आकडा का चुकला हे सांगता आलं पाहिजे. या मोजणीत एक चिमटा बसवून नटावरचा भार काढतात आणि डायल गेजवर हालचाल वाचतात. चिमटा तिरका बसला, दाब कमी पडला, गेज घसरलं की आकडा बदलतो. या कंपनीने वापरलेले चिमटे घरीच बनवलेले होते आणि निर्मात्याच्या मापात बसत नव्हते, असं तपासात निघालं. अशा साधनाने घेतलेल्या दोन आकड्यांतला सोयीचा आकडा निवडणं म्हणजे मोजणीच न करणं. आमचं स्पष्ट मत: दोन आकडे जुळत नसतील तर तपासून प्रमाणित केलेल्या दुसऱ्या साधनाने तिसऱ्या माणसाने मोजावं, आणि तोवर वाईट आकडा खरा धरावा.

वेळ वाचवणारी नवी पद्धत काढली तर काय बिघडतं?

२५ मे १९७९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० चं डावं इंजिन धावपट्टीवरच पायलॉनसकट, म्हणजे इंजिनाला पंखाशी जोडणाऱ्या सांगाड्यासकट, निखळलं. २७३ जण मेले, त्यातले दोघे जमिनीवरचे.

निर्मात्याची सूचना अशी होती: आधी इंजिन उतरवा, मग पायलॉन. कंपनीने दोन्ही एकत्र, फोर्कलिफ्टवर पेलून काढायला सुरुवात केली. एका विमानामागे सुमारे २०० मनुष्यतास वाचत होते, आणि सोडाव्या लागणाऱ्या तारा-नळ्यांचे जोड ७९ वरून २७ वर येत होते. हा दुसरा मुद्दा सुरक्षेच्याही बाजूने दिसतो, म्हणून तो मोहात पाडतो. पण फोर्कलिफ्ट हे माल उचलायचं यंत्र. पायलॉनच्या मागच्या जोडात फट अगदी कमी असते. गाडीचा दाब जरा उतरला, काटे थोडे खाली-वर झाले की सगळं वजन त्या जोडाच्या कडेवर येतं. दुरुस्तीच्या वेळी मध्येच पाळी बदलली आणि भार तसाच टेकलेला राहिला. कडेला गेलेला तडा पुढचे आठ आठवडे प्रत्येक उड्डाणात वाढत राहिला.

पद्धत बदलायची असेल तर निर्मात्याची लेखी संमती, एका विमानावर चाचणी, आणि चाचणीनंतर ज्या भागांवर नवा भार येतो त्यांची तड्यांसाठी तपासणी, एवढं तरी हवंच.

रात्रपाळीचा धोका खरंच असतो का?

असतो. विमानं दिवसा कमावतात म्हणून देखभाल रात्री होते, आणि पहाटे तीन ते पाच या वेळात माणसाची नजर आणि निर्णय दोन्ही सगळ्यात कच्चे असतात.

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं आणि तो वाचला. काच ९० बोल्टनी बसवलेली होती. त्यातले ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंच बारीक होते आणि उरलेले सहा आखूड. माणसं कमी म्हणून पाळीच्या प्रमुखाने पहाटे हे काम स्वतःच केलं. पुस्तकातला नंबर न पाहता जुना बोल्ट हातात धरून मंद उजेडात त्याच्याशी जुळणारे उचलले. स्टोअरमधल्या माणसाने योग्य नंबर सांगितला होता. उभं राहायची जागा अडचणीची, त्यामुळे बोल्टचं डोकं खोबणीत जास्त खोल जातंय हे दिसलं नाही. या कामाला दुसऱ्याने तपासायची सक्ती नव्हती.

पाळी बदलताना काम हरवतं, हा दुसरा धोका. ११ सप्टेंबर १९९१ ला टेक्सासमधल्या ईगल लेकजवळ पडलेल्या एम्ब्रेअर १२० विमानाच्या शेपटीच्या कडेचे ४७ स्क्रू आदल्या रात्री काढले होते आणि परत बसवलेच नव्हते. ते काढल्याची नोंद पुढच्या पाळीपर्यंत पोहोचली नाही. १४ जण गेले. म्हणून नियम असा: सोडलेल्या प्रत्येक स्क्रूची नोंद सोडतानाच करायची, काम संपल्यावर नाही.

बाहेरच्या एजन्सीकडून देखभाल करून घेणं धोक्याचं आहे का?

सरसकट नाही. बाहेरचं चांगलं केंद्र घरच्या अर्धवट हँगरपेक्षा उत्तम काम करतं. आपल्याकडे नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेलं मोठं देखभाल केंद्र आहेच. पाहायचा तो करार. ११ मे १९९६ ला फ्लोरिडात पडलेल्या व्हॅल्यूजेटच्या विमानात ११० जण गेले. देखभाल करणाऱ्या साब्रेटेककडून आलेले जुने ऑक्सिजन जनरेटर, म्हणजे आणीबाणीत प्रवाशांसाठी रसायनातून ऑक्सिजन तयार करणारे डबे, मालाच्या कप्प्यात पेटले. त्यांच्या चापावर प्लास्टिकची संरक्षक टोपी घालायची असते. टोप्या नव्हत्या, तरी कार्डावर सह्या झाल्या. विमान परत द्यायला उशीर झाला तर दिवसाला २,५०० डॉलरची कपात, असं त्या करारात होतं. उशिराला दंड आणि न सापडलेल्या टोपीला काहीच नाही, अशा करारात काय घडणार ते उघड आहे. करारात 'सुटा भाग नाही म्हणून काम थांबलं' या कारणाला दंडातून सूट हवी, आणि कंपनीचा स्वतःचा माणूस हँगरमध्ये हवा.

बिघाड असूनही विमान उडू देतात, असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे आणि ते नियमाने होतं. त्या यादीला एमईएल म्हणतात: कोणती वस्तू बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस उडता येईल याची यादी. बी वर्गातला बिघाड तीन दिवसांत, सी वर्गातला दहा दिवसांत, डी वर्गातला १२० दिवसांत दुरुस्त करायचा. ए वर्गाला स्वतंत्र मुदत दिलेली असते. बिघाड नोंदवल्याचा दिवस यात धरत नाहीत.

ही सोय सुटा भाग येईपर्यंत वेळ मिळावा म्हणून आहे. पैसे नाहीत म्हणून भागच मागवले जात नसतील तर तिचा अर्थ बदलतो. जुलै २०२२ मध्ये डीजीसीएने, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाने, स्पाइसजेटला दिलेल्या कारणे दाखवा नोटिशीत नेमकं हेच होतं: सप्टेंबर २०२१ च्या आर्थिक तपासणीत पुरवठादारांना नियमित पैसे मिळत नसल्याचं, त्यातून सुट्या भागांची टंचाई होऊन एमईएलचा आधार वारंवार घेतला जात असल्याचं आढळलं. त्याच महिन्यात डीजीसीएने कंपनीच्या उड्डाणांवर आठ आठवड्यांसाठी निम्म्याची मर्यादा घातली. ताळेबंदातून सुरक्षेकडे पाहण्याची ही पद्धत आम्हाला फार महत्त्वाची वाटते. एका विमानावर एका वेळी किती एमईएल नोंदी उघड्या आहेत आणि किती मुदतवाढी घेतल्या, हे दोन आकडे कंपनीच्या तब्येतीबद्दल बरंच सांगतात.

पगार थकले तर सुरक्षेवर परिणाम होतो?

मुंबईत मुख्यालय असलेली जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. त्याआधी साधारण महिनाभर तिच्या देखभाल इंजिनिअरांच्या संघटनेने डीजीसीएला पत्र लिहून कळवलं होतं की तीन महिने पगार नाही आणि त्याचा मनःस्थितीवर परिणाम होतोय. घराचा हप्ता थकलेला माणूस पहाटे चारला टॉर्क रेंच हातात घेऊन उभा असतो. ही तक्रार फक्त पगाराची नाही, ती सुरक्षेची नोंद म्हणूनच वाचायला हवी.

स्वस्त तिकीट म्हणजे कमी सुरक्षा का?

नाही. रायनएअर १९८५ पासून उडते आहे आणि तिच्या विमान अपघातात आजवर एकही प्रवासी दगावलेला नाही. एकाच प्रकारची, नवी विमानं ठेवली की सुटे भाग आणि प्रशिक्षण दोन्ही स्वस्त पडतात. काटकसर कुठे केली जाते ते पाहायचं.

जुनं विमान दिसलं तर घाबरावं का?

वयापेक्षा सायकल महत्त्वाच्या. २८ एप्रिल १९८८ ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या ज्या ७३७ चं छप्पर हवेत फाटलं, त्याची ८९,६८० उड्डाणं झाली होती. बेटाबेटांमधली छोटी उड्डाणं, खारी हवा, आणि प्रत्येक वेळी केबिन फुगून आकसणं. एका हवाईसेविकेचा जीव गेला.

जानेवारी २०२४ मध्ये हवेत दाराचं झाकण उडालेलं विमानही अलास्काचंच होतं. तीही देखभालीतली चूक का?

नाही. ते विमान जेमतेम दोन-तीन महिन्यांचं होतं. बोइंगच्या कारखान्यात रिव्हेट दुरुस्तीसाठी झाकण उघडलं आणि बसवताना चार बोल्ट राहिले. काढल्याची नोंदच नव्हती. ईगल लेकचे ४७ स्क्रू आठवावेत.

दबाव आला तर एएमईने, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरने, प्रत्यक्षात काय करावं?

लायसन्स तुमच्या नावावर आहे, कंपनीच्या नाही. विमान सेवेत सोडण्याच्या प्रमाणपत्रावर सही करणारा तुम्ही, उत्तर देणारेही तुम्हीच. म्हणून:

मोजमापाच्या जागी 'ओके' लिहू नका, आकडा लिहा. सोबत साधनाचा नंबर आणि त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख लिहा.

न पाहिलेल्या कामावर सही करू नका. पाळी संपली आणि काम अर्धं असेल तर 'अर्धवट' अशी उघडी नोंद ठेवून जा, आणि शक्य तर पुढच्या माणसाला विमानापाशी नेऊन बोटाने दाखवा.

भागाचा नंबर पुस्तकातून घ्या. सोबत सीए फॉर्म १ (भाग वापरायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र) किंवा त्याला समकक्ष कागद नसेल तर भाग स्टोअरला परत करा, मग विमान कितीही वेळ उभं राहो.

तुमची नोंद वरिष्ठाने फिरवली तर तिच्या खाली तांत्रिक कारण लेखी मागा. मूळ नोंद खोडू देऊ नका. १९९७ च्या त्या मेकॅनिकने ०.०४० लिहून ठेवलं, म्हणून ते आज आपल्याला माहीत आहे.

तोंडी सांगून भागत नसेल तर क्वालिटी मॅनेजरला ईमेल करा आणि तिथेही दाद नसेल तर डीजीसीएकडे तक्रार नोंदवा. कोणी काय म्हटलं यापेक्षा विमानाचं रजिस्ट्रेशन, तारीख, कार्ड नंबर आणि वगळलेली पायरी, एवढं त्यात असलं की ती तक्रार बाजूला सारणं अवघड जातं.

प्रवासी म्हणून माझ्या हातात काही आहे का?

थोडं आहे. खुर्चीवर 'बंद' अशी चिठ्ठी असेल तर घाबरायचं कारण नाही, बिघाड नोंदवला गेलाय एवढाच तिचा अर्थ. पंखावरून सतत गळणारं द्रव, सैल हलणारं पॅनेल किंवा केबिनमध्ये जळका वास आला तर उड्डाणाआधीच कर्मचाऱ्यांना सांगा, लाजू नका.

आणि 'तांत्रिक कारणामुळे उशीर' अशी घोषणा झाली की काउंटरवर आवाज चढवण्याआधी लक्षात घ्या, त्या क्षणी खाली कोणीतरी पॅनेल उघडून उभा असतो आणि गेटवरून दर पाच मिनिटांनी त्याला 'किती वेळ?' असा फोन येत असतो. जेवण, पर्यायी विमान, परतावा हे हक्काने मागा. त्या माणसाला मात्र त्याचे चार तास पूर्ण मिळू द्या.